पॅलिएटिव्ह केअर म्हणजे हात टेकणे नव्हे: मागच्या आठवड्यातील लेखाला उत्तर

पारिजात:

मागच्या आठवड्यात ‘सह्यगिरी’ यांनी येथे लिहिले की, पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारातील वेदना आणि इतर त्रास कमी करणारी सेवा) हे डॉक्टरांनी हात टेकल्याचे सभ्य नाव आहे, आणि ज्या घराला आपले माणूस खरोखर हवे असते ते घर शेवटपर्यंत झुंजते, मॉर्फिनच्या (अफूपासून बनणाऱ्या तीव्र वेदनाशामकाच्या) गोळ्या मागत फिरत नाही. त्याखाली ‘अगदी खरे’ असे प्रतिसाद एकामागून एक आलेले पाहिले आणि दोन रात्री मला झोप लागली नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझ्या वडिलांना स्वादुपिंडाचा कर्करोग होता आणि निदान झाले तेव्हाच तो यकृतात पसरलेला होता. केमोथेरपीच्या तारखा, रक्ताच्या तपासण्या, स्कॅन, विम्याचे कागद हे सगळे आम्ही भावंडांनी नेटाने सांभाळले. परंतु रात्री एक वाजता वडील पलंगाच्या कडेला पुढे वाकून, उशी पोटाशी धरून बसत, कारण आडवे झाले की पोटातून पाठीपर्यंत कळ जाई. आणि त्या कळेबद्दल सात आठवड्यांत एकाही तज्ज्ञाने त्यांना आपणहून विचारले नाही. आम्ही सांगितले की ‘या आजारात दुखायचेच’ असे उत्तर मिळे. वडिलांनी पस्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. मुलांसमोर कण्हायचे नाही म्हणून ते टॉवेलचे टोक दातांत धरत. हे मी पाहिले आहे आणि याला झुंज म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

ओळखीच्या एका परिचारिकेने वाट दाखवल्यामुळे आम्ही पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांकडे पोहोचलो. त्यांनी पाऊण तास दिला. मॉर्फिनची दहा मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी, मध्यरात्री उठावे लागू नये म्हणून झोपतानाची मात्रा दुप्पट, पोट साफ राहण्याचे औषध पहिल्याच दिवसापासून, सुरुवातीचे काही दिवस मळमळीवरची गोळी, आणि मधेच कळ आली तर काय द्यायचे याची कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली सूचना, एवढेच त्यांनी केले. तिसऱ्या रात्री वडील सलग पाच तास झोपले. पुढच्या आठवड्यात त्यांनी दाढीचे सामान मागितले आणि ओसरीवर बसून स्वतः दाढी केली. केमोथेरपी बंद झाली नव्हती. अंगात थोडे बळ आल्यामुळे पुढच्या दोन फेऱ्या ते घेऊ शकले.

हा उपचार मरणाच्या दारात द्यायचा, ही समजूतच मुळात चुकीची आहे. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची शुश्रूषा करणारे केंद्र) सुरू केले, तेव्हा शरीराचे दुखणे, मनाचे, घरादाराचे आणि श्रद्धेचे दुखणे एकत्रच पाहावे लागते, असे त्यांनी मांडले. बॉस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास असे दाखवतो की, निदानानंतर लगेच नेहमीच्या उपचारांसोबत ही सेवा मिळालेल्यांचे जगणे अधिक सुसह्य झाले, निराशा कमी राहिली आणि त्यांचे मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण जितका काळ किंवा त्याहून अधिक जगले तो काळ) ११.६ महिने, तर इतरांचे ८.९ महिने होते. आपल्याकडे वांद्र्याचे शांती अवेदना हे हॉस्पिस १९८६ पासून आणि पुण्यात वारज्याचे सिप्ला केंद्र १९९७ पासून काम करीत आहे. एवढे असूनही सुशिक्षित माणसे या सेवेला हात टेकणे म्हणतात, याचा मला संताप येतो.

सह्यगिरी:

आपल्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटले. परंतु माझे विधान मी मागे घेणार नाही, कारण ते मी पुस्तकातून उचललेले नाही.

माझा धाकटा भाऊ चव्वेचाळीस वर्षांचा असताना एका मोठ्या रुग्णालयात आम्हाला बाजूला बोलावून सांगण्यात आले, ‘आता घरी न्या, सेवा करा, पॅलिएटिव्ह बघा.’ त्या वेळेपर्यंत विम्याची रक्कम संपली होती आणि आमच्याकडून रोख भरणे थांबले होते. तोवर रोज एक नवीन तपासणी लिहून देणाऱ्यांना त्याच आठवड्यात घरच्या सेवेचे महत्त्व आठवले. आम्ही ऐकले नाही. शेतीचा तुकडा विकला, दुसरीकडे नेले, तेथे बायोप्सी पुन्हा तपासली गेली, वेगळ्या प्रकारचा लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) निघाला, उपचार बदलले आणि भाऊ त्यानंतर सहा वर्षे जगला. त्याच्या मुलीची दहावी त्याने पाहिली. त्या दिवशी आम्ही ‘सेवा’ स्वीकारली असती तर? बॉस्टनचे आकडे मला सांगू नका. ज्या देशात पैसे संपल्यावर हा शब्द उच्चारला जातो, त्या देशात त्याचा अर्थ तोच होतो.

पारिजात:

आपल्या भावाच्या बाबतीत निदान चुकले आणि नंतर रुग्णाला वाऱ्यावर सोडले गेले. त्या लोकांनी जाताना कळ शमवण्यासाठी काय दिले, रात्री फोन करायला कोणता क्रमांक दिला, घरी कोण भेटायला येणार हे सांगितले का? सांगितले नसेल, तर आपल्याला पॅलिएटिव्ह केअर मिळालेलीच नाही; आपल्याला डिस्चार्ज मिळाला. दुसरे मत घेण्यास कोणताही पॅलिएटिव्ह डॉक्टर अडवत नाही. मी आपल्या अनुभवाला खोटे म्हणत नाही, परंतु अपराध एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, हे मला मान्य नाही.

गृहभेट_परिचारिका:

मी अकरा वर्षे घरोघरी जाऊन हीच सेवा करते, म्हणून हातांनी काय करावे लागते ते सांगते. ‘सेवा’ हा शब्द येथे फार हवेत तरंगतो आहे.

तोंडाच्या कर्करोगाची जखम गालातून बाहेर फुटली की, वासामुळे नातवंडेही खोलीत येईनाशी होतात. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड करून ती जखमेवर लावली की तो वास काही दिवसांत उतरतो, आणि आजोबांच्या खोलीचे दार पुन्हा उघडे राहू लागते. दम लागणाऱ्या माणसाला खिडकीकडे तोंड करून टेकवून बसवणे आणि चेहऱ्यावर छोटा पंखा धरणे यानेसुद्धा श्वासाची तगमग कमी होते. पुरले नाही तर डॉक्टर अल्प मात्रेत मॉर्फिन देतात. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, कोरडे पडलेले तोंड कसे पुसायचे, शेवटच्या दिवसांत बळजबरीने भरवले तर घास श्वासनलिकेत का जातो, हे आम्ही सुनेला, मुलाला, प्रसंगी शेजारणीला शिकवतो. मुलाला मी हट्टाने शिकवते, कारण घरात पाच माणसे असूनही सगळे काम एकट्या सुनेवर पडलेले मी फार पाहिले आहे.

मॉर्फिनची भीती वाटते, तेही समजते. मात्रा थोड्यापासून सुरू करून दुखण्याच्या मापाने वाढवली, तर श्वास थांबण्याचा धोका फार कमी असतो आणि दुखण्यासाठी नीट देखरेखीखाली घेणाऱ्याला व्यसन क्वचितच लागते. बद्धकोष्ठ मात्र जवळजवळ प्रत्येकाला होते, आणि त्याचे औषध विसरले की माणसे मॉर्फिनच सोडून देतात.

माझी तक्रार निराळीच आहे. ‘सिस्टर, गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी करा, तिच्यावर कॅन्सर हा शब्द आहे,’ असे मला जवळजवळ दर आठवड्याला सांगितले जाते. रुग्णासमोर आजाराचे नाव घेऊ नका, अशी दारातच शपथ घातली जाते. मग तो माणूस माझा हात धरून विचारतो, ‘बाई, मी बरा होत का नाही?’ आणि मागे उभा असलेला मुलगा माझ्याकडे हात जोडून पाहत असतो. त्या क्षणी मी काय करावे?

देवगडची_लेक:

त्या क्षणी आपण गप्प राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी तो हात जोडणारा मुलगाच आहे असे समजा.

आमच्या आईला अंडाशयाचा कर्करोग होता आणि शेवटपर्यंत तिला ‘गाठ आहे, पाणी साठते’ एवढेच आम्ही सांगितले. तिची थोरली बहीण याच आजाराने गेली होती आणि ते हाल आईने स्वतः पाहिले होते. ते नाव ऐकले असते तर तिने त्याच दिवशी अंथरूण धरले असते, हे तिच्याबरोबर आयुष्य काढलेली आम्ही माणसे सांगतो. ती चौदा महिने जगली. त्यातले अकरा महिने अंगणात फिरली, आंब्याच्या पेट्या भरताना गड्यांना सूचना देत राहिली. सत्य सांगणे हा रुग्णाचा हक्क आहे हे वाक्य पाश्चात्त्य देशांत शोभते. आमच्या घरात माणूस एकटा नसतो, त्याचा आजारही एकट्याचा नसतो, आणि त्याचे ओझे वाटून घ्यायला आम्ही असताना ते सगळे त्याच्याच डोक्यावर ठेवणे मला क्रूर वाटते.

कृष्णाकाठ:

आपल्या हेतूबद्दल मला शंका नाही, परंतु आमच्या घरात याच मायेने काय केले ते ऐका.

वडिलांना यकृताचा कर्करोग होता आणि आम्ही त्यांना कावीळ सांगितली. ते अडुसष्ट वर्षांचे, उसाचे शेतकरी, घरचा सगळा व्यवहार त्यांच्या हातात. बरे होणारच आहोत या विश्वासाने त्यांनी विकास सोसायटीचे कर्ज काढून नदीवरून नवी पाइपलाइन टाकायला घेतली. मी अडवू शकत नव्हतो; अडवले तर कारण सांगावे लागले असते. चर अर्धा खणून झाला आणि ते गेले. सातबाऱ्यावर बोजा चढला, आत्याच्या हिश्श्याबद्दल त्यांच्या मनात काय होते ते कोणालाच ठाऊक नव्हते, आणि आज नऊ वर्षांनी आत्या आणि आम्ही कोर्टात उभे आहोत. वडिलांना चार महिने मिळाले होते. त्या चार महिन्यांत त्यांनी बहिणीला बोलावून तिच्याशी दोन शब्द बोलणे शक्य होते, आणि तो वेळ आम्ही मुलांनी त्यांच्यापासून काढून घेतला. हे मी रोज मनात धरून जगतो.

देवगडची_लेक:

म्हणजे जमिनीच्या वाटणीसाठी मरणाऱ्या माणसाला त्याचे मरण सांगायचे? आपल्या घरातील भांडणाचा दोष आमच्या आईवरच्या मायेला लावू नका.

कृष्णाकाठ:

हे वाक्य आपण पुन्हा वाचावे. मी जमिनीबद्दल लिहिले नाही, भावाबहिणीबद्दल लिहिले आहे. माझ्या वडिलांचे शेवटचे बोलणे पाइपलाइनच्या दराबद्दल होते. आपल्याला ते सोसले असते का?

गृहभेट_परिचारिका:

दोघांनीही थोडे थांबावे. आजाराचे नाव तोंडावर फेकावे असे मी म्हटलेले नाही, आणि कोणताही चांगला पॅलिएटिव्ह डॉक्टर तसे करत नाही. पहिला प्रश्न असा असतो: ‘तुम्हाला काय झाले आहे असे तुम्हाला वाटते?’ बहुतेक वेळा उत्तरातच कळते की माणसाने बरेच ओळखले आहे. दुसरा प्रश्न: ‘आजाराबद्दल सगळे तुम्हाला सांगत जाऊ, की तुमच्या मुलाशी बोलत जाऊ?’ काही जण स्वच्छ सांगतात, ‘माझ्या मुलाला सांगा, मला नको.’ तेही आम्ही पाळतो, कारण तो त्यांचा निर्णय असतो. देवगडच्या ताईंच्या आईने कदाचित हेच उत्तर दिले असते. माझे दुःख एवढेच आहे की, हा प्रश्न विचारण्याआधीच त्याचे उत्तर दुसऱ्यांनी ठरवलेले असते.

देवगडची_लेक:

हा प्रश्न तिला कोणी विचारला नाही, हे मला मान्य करावे लागते. विचारू द्यायला हवा होता का, यावर माझे मत बदललेले नाही.

माणदेशी:

सांगावे की न सांगावे यावर येथे पानेच्या पाने भरली आहेत, परंतु सेवाच नसेल तर तिच्यातील बारकाव्यांवर वाद घालून काय उपयोग? आमच्या तालुक्यात मॉर्फिनची एक गोळी मिळत नाही. मामांच्या हाडांत कर्करोग उतरला होता. मी एसटीने जाऊन-येऊन दोनशे ऐंशी किलोमीटरचा प्रवास करून पंधरा दिवसांच्या गोळ्या आणत असे. एकदा वाटेत घाट बंद झाला. ती रात्र मामांनी ओरडून काढली आणि वाडीतील कोणी झोपले नाही.

मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, आणि तरीही ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ साली मांडले की भारतात गरजेच्या जेमतेम चार टक्के मॉर्फिन रुग्णांपर्यंत पोहोचते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने एवढे परवाने मागितले की औषधविक्रेत्यांनी आणि रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. २०१४ साली कायदा सुधारला, राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता असली की संस्थेला ते ठेवता येते. पण मान्यता मागायला पुढे कोण येते? त्याच देशात केरळमध्ये १९९३ साली कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सेवेचे काम सुरू केले. पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यात गावकरीच स्वयंसेवक झाले, लोकांनी थोडेथोडे पैसे घातले, परिचारिका घरी जाऊ लागल्या, आणि २००८ साली त्या राज्याने स्वतंत्र धोरण केले. आपल्याकडे प्रत्येक गावात गणेश मंडळ आहे, भजनी मंडळ आहे, वारीला जाणारी दिंडी आहे. माणसे जमवणे आपल्याला येत नाही, असे कोणी म्हणू शकत नाही.

सह्यगिरी:

माणदेशींचा एकेक शब्द मला पटतो आणि त्यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. जेथे मॉर्फिन नाही, भेटीला परिचारिका नाही, तेथे ‘पॅलिएटिव्ह घ्या’ असे सांगणे म्हणजे मरायला पाठवणे आहे. शिवाय एकदा उपचार थांबवायची मुभा मिळाली की ती कुठे जाऊन थांबेल? आज व्हेंटिलेटर नको, उद्या सलाइन नको, परवा इंजेक्शन देऊन मोकळे करा. विनोबांनी १९८२ साली पवनारला अन्नपाणी सोडले त्याला आपण थोर मानतो. पण ते त्यांनी स्वतः ठरवले होते. घरच्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून दुसऱ्याचे ठरवायचे, ही वाट मला भयानक वाटते.

अधिवक्ता_नाशिक:

तीन वेगळ्या गोष्टी येथे एकत्र झाल्या आहेत. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग हल्ल्यानंतर अनेक वर्षे भान हरपलेल्या अवस्थेत होत्या; त्यांना मरू द्यावे म्हणून आलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये फेटाळली. इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणे बेकायदाच राहिले. जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट मात्र कठोर अटींवर उघडली. ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र (पुढे बोलता आले नाही तर कोणते उपचार हवेत-नकोत हे आधीच लिहून ठेवणे) मान्य केले, आणि जानेवारी २०२३ मध्ये कार्यपद्धती सोपी झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर इच्छापत्र करता येते. उपचार थांबवण्यासाठी डॉक्टरांची दोन स्वतंत्र मंडळे लागतात. ‘घरच्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून ठरवले’ असे होऊ नये म्हणूनच ही तरतूद आहे. आपल्याला भीती वाटत असेल तर आपले इच्छापत्र आपणच करून ठेवावे, त्यात ‘सर्व उपचार करावेत’ असेही लिहिता येते.

पॅलिएटिव्ह केअरचा या तिन्हींशी एवढाच संबंध की, ती कोणत्याही निर्णयात चालू राहते. अरुणा शानबाग यांना केईएमच्या परिचारिकांनी २०१५ पर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ सांभाळले. त्या सांभाळण्याला आपण हात टेकणे म्हणाल का?

सह्यगिरी:

नाही म्हणणार. त्या बायांपुढे मी नतमस्तक आहे.

पण मला कोंडीत पकडण्यासाठी त्यांचे नाव वापरले, हे मला आवडलेले नाही. मी ज्या रुग्णालयातून भावाला बाहेर काढले तेथे अशा परिचारिका असत्या, तर माझा लेख लिहिलाच गेला नसता.

पारिजात:

आपला लेख लिहिला गेला नसता, हे वाक्य मी कबुली म्हणून घेते. आपल्याला ते आवडणार नाही याची कल्पना आहे. माझीही एक चूक मान्य करते: ज्यांना हा शब्द पहिल्यांदा बिलाच्या खिडकीजवळ ऐकायला मिळाला, त्यांच्या संशयाला मी अज्ञान समजले. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत या सेवेची ओळख करून दिली, तर तो संशय निर्माणच होणार नाही. माझ्या वडिलांच्या सात आठवड्यांचा दोष मी त्यांनाच देते आणि देत राहीन.

सह्यगिरी:

कबुली म्हणा किंवा काहीही म्हणा. शब्दाबद्दल माझा आक्षेप कायम आहे.

एक प्रश्न परिचारिकाताईंना विचारायचा आहे. माझ्या सासूबाई एकोणऐंशी वर्षांच्या आहेत, कराडजवळ असतात, तीन वर्षे डायलिसिसवर आहेत आणि आता त्या ‘पुरे’ म्हणतात. अंगाला खाज, पाय रात्रभर ओढतात, झोप नाही. त्यांना कर्करोग नाही. अशा रुग्णांना ही सेवा देतात का, की तेथेही आम्हाला दारातून परत पाठवतील?

गृहभेट_परिचारिका:

देतात. जगभरात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना या सेवेची गरज असते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्या गरजूंमधील प्रौढांत कर्करोगाचे रुग्ण साधारण एकतृतीयांशच आहेत. बाकीचे हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड, पक्षाघात, स्मृतिभ्रंश यांचे. खाज, पाय ओढणे आणि झोप या तिन्हींवर उपाय आहेत आणि त्यासाठी डायलिसिस सोडावे लागत नाही.

त्या ‘पुरे’ म्हणतात तेव्हा त्यांना काय पुरे झाले आहे, हे आधी त्यांच्याशी निवांत बसून विचारा. सुया पुरे झाल्या असतील, प्रवास पुरा झाला असेल, की खरोखर सगळेच, ते त्यांच्या तोंडून येऊ द्या आणि त्या वेळी खोलीत गर्दी नको. डॉक्टरांकडे जाताना सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट पिशवीत घालून न्या, शेवटच्या डायलिसिसचा कागद आणि वजनाची वही बरोबर ठेवा. मूत्रपिंडे काम करत नसताना मॉर्फिन अंगात साठते, म्हणून वेदनेवर कोणी औषध लिहून देऊ लागले तर डायलिसिसबद्दल आधी सांगा. अशा रुग्णांसाठी वेगळी औषधे असतात. कराडहून कोणते केंद्र जवळ पडेल ते मी आज रात्री आपल्याला खासगी निरोपाने कळवते.